कबऱ्याचा खांदा

"बेबी, अंगणात कोण आलं म्हणते?" ओसरीवर बसलेल्या चंद्रभागाबाईंनी सुनेला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीकडे तोंड फिरवून घेतले.

कोण आले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मोतीबिंदू त्यांच्या डोळ्यांत होता, कानांत नव्हता. आणि आपल्या पोटच्या लेकराचे पाऊल ओळखायला कोणत्याही आईला डोळे लागत नाहीत!

"दादा आले," डोक्यावरचा पदर पुढे ओढत बेबीबाई म्हणाली.

"कोणता दादा?"

त्या घरात दादा म्हणावे असे माणूस एकच होते. पण सासूने विचारले म्हणजे सुनेने सांगायचे, एवढे बेबीबाईला कळत होते. "यायचे मोठे भाऊ. तेजरामदादा."

"बरं. त्यायले म्हणा, काम गाडीचं आहे, गाडी तिकडे चिंचेखाली उभी आहे. इकडे पाहाचं काम नाही."

तेजराम अंगणाच्या मधोमध उभा होता. एका हातात हत्यारांची पिशवी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रेकचे नवे मास्टर सिलिंडर, आणि समोर... समोर आईची पाठ! बारा वर्षांत ती पाठ केवढी लहान झाली होती! लुगड्यातून मणके दिसत होते. कितीतरी रात्री त्याने या क्षणाची कल्पना केली होती. पण त्याच्या कल्पनेत आईला नेहमी चेहरा असायचा. आता तो त्या पाठीकडेच असा डोळे भरून पाहत राहिला, की जणू ती पाठही त्याला कोणी पुन्हा दाखवणार नव्हते.

"मनावर नको घेऊ, दादा," धाकटा इश्वर त्याला चिंचेकडे नेत हळूच म्हणाला. "तिनंच त बोलावलं तुले."

"बोलावलं?"

"म्हणजे, तिनं असं म्हटलं की ज्यानं ब्रेक घालवला त्यानंच बसवावा, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही. आता हे बोलावणंच झालं ना!"

भुकेल्या माणसाला शिळी भाकरी चालते. हे तर आमंत्रण होते, फक्त जरा वाकडे.

प्रकार असा होता की चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन पोळा झाल्यावर भंडाऱ्याच्या दवाखान्यात व्हायचे होते. एस.टी.त त्या बसणार नव्हत्या, बैलगाडीत बसणार नव्हत्या. "जाईन त त्यांच्याच गाडीत जाईन, नाहीतर आंधळी मरीन," असे त्यांनी सांगून टाकले होते. अड्याळच्या मिस्त्रीने दोन दिवस खपून जीपचे इंजिन चालू करून दिले. पण तो ब्रेककडे वळला तशी म्हातारी काठी घेऊन उठली. मिस्त्री अनुभवी होता. त्याने काठीकडे पाहिले आणि सामान आवरले.

ती जीप तेजरामच्या वडिलांनी, भय्याजी सेलोकरांनी, लष्कराच्या लिलावात घेतलेली. गावात, कोंढ्याला, आली तेव्हा तिचा हिरवा रंग जागोजागी उडून पांढरे ठिपके दिसत होते. म्हणून तिचे नाव कबऱ्या. भय्याजींचा सिद्धान्त साधा होता. घरात जो राबतो तो बैल. तो कडबा खातो की पेट्रोल पितो, हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न. त्यामुळे दर पोळ्याला कबऱ्याच्या बॉनेटवर बाशिंग चढे, सीटवर झूल पडे, आणि गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी तोही उभा राही. बैलांनी कधी हरकत घेतली नाही. शेजारच्या सोमाजींनी घेतली. पण सोमाजी कशालाही हरकत घेत.

आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होई, तेव्हा कबऱ्यालाही वगळले जात नसे. वर्षभर जू वाहून निबर झालेले बैलांचे खांदे त्या सांजेला हळद-तुपाने चोळायचे, पळसाच्या पानाने ऊब द्यायची, त्यांच्या कष्टांची आठवण ठेवायची, अशी घरोघरची रीत. बैलांना तूप, कबऱ्याला मात्र चंद्रभागाबाई जवसाचे कोमट तेल हळद घालून लावत. "लोखंडाले तूप कायले पाहिजे?" असा त्यांचा रोकडा सवाल असे. वर्षानुवर्षे ते तेल बॉनेटवर चोळले गेले आणि कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडले ते चौऱ्याहत्तर साली.

त्या वर्षी पोळा होऊन महिना उलटला नसेल. भाद्रपदातली झड लागली होती. तेजराम वडिलांना घेऊन तलावाच्या उंच पाळीवरून उतरत होता. त्याने ब्रेकवर पाय ठेवला... आणि पाय खाली गेला, गेला, तळाशी जाऊन टेकला. जणू त्या पायाखाली जगात काही उरलेच नव्हते! जीप धानाच्या बांधीत उलटली. भय्याजी जागच्या जागी गेले. तेजरामला खरचटलेसुद्धा नाही, आणि हाच पुढे त्याचा मोठा अपराध ठरला.

तिसऱ्या दिवशी, बैल जुंपून ओढत आणलेल्या जीपखाली तो शिरला. असे झालेच कसे, या एका प्रश्नाने त्याला घास गिळू दिला नव्हता. सकाळीच तर त्याने अंगणात ब्रेक दाबून पाहिला होता! त्याने ब्रेकचे मास्टर सिलिंडर खोलले. आतले रबर भिजवलेल्या लाखोरीच्या डाळीसारखे फुगून मऊ पडले होते. तळाशी पिवळा गाळ होता. त्याने बोट लावले, नाकाशी नेले... हळद! हळद आणि जवस!

घरातून त्याच वेळी आईचा आक्रोश ऐकू येत होता. तेजरामला दुसऱ्या कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

ब्रेकच्या तेलाखेरीज दुसरे तेल त्या रबराला विष असते, हे आईला कसे ठाऊक असणार? तिने प्रेमाने शेकले होते. आणि त्या प्रेमाने तिचे कुंकू पुसले होते, हे तिला कोण सांगणार? तो? ते सिलिंडर त्याने काढले, धोतरात गुंडाळले आणि तलावात खोल पाण्यात टाकून दिले. दुर्दैव असे की सोमाजी नेमके तेव्हा पाळीवर होते. संध्याकाळपर्यंत गावभर झाले, की पोराने पुरावा बुडवला.

तेरवीच्या दिवशी, साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर चंद्रभागाबाईंनी त्याला विचारले, "तेजराम, खरं सांग. गाडी काढाच्या आधी ब्रेक पाह्यला होता तूनं?"

त्याने आईकडे पाहिले. नुकत्याच रित्या झालेल्या कपाळाकडे पाहिले. हो म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. आणि प्रश्नांची ती वाट शेवटी एका तेलाच्या वाटीपाशी जाऊन थांबली असती...

"नाही, माय," तो म्हणाला. "विसरलो."

"विसरला? अरे, बापाले खाल्लं तूनं! जा, हे तोंड मले दाखवू नको!"

तो गेला. आज्ञाधारक मुलगा होता तो. एवढे तरी सोमाजींनीही कबूल केले असते.

भंडाऱ्याच्या एका गॅरेजात त्याला काम मिळाले. करडी गावच्या मुलीकडच्या मंडळींनी ठरलेले लग्न मोडले. बाप मारणाऱ्याच्या घरात पोरगी कोण देणार? पुढे त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. गॅरेजमागची एक खोली, एक स्टोव्ह, एक खाट. भात टाकायचा, तो शिजेपर्यंत स्टोव्हशी बोलायचे, जेवताना गप्प बसायचे. त्याला एकच खोड जडली. कोणी हॉर्न दुरुस्त करायला आला, तरी तेजराम आधी त्याचा ब्रेक पाहायचा. कोणी दिवा बसवायला आला, तरी ब्रेक. लोक थट्टा करायचे, "तेजरामभाऊ, सायकलमधी हवा भरायची आहे, ब्रेक पाहून घेता का?" तो हसायचा आणि खरोखरच पाहायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र तो लवकर खोलीत जाऊन दार लावून घेई. रस्त्याने जाणाऱ्या बैलांच्या घुंगरांचे आवाज येत. आज माय अंगणात असेल, वाटी हातात असेल, एवढा विचार मनात येई; त्याच्या पुढे तो मनाला जाऊ देत नसे.

आणि आज, शहाऐंशी सालच्या खांदशेकणीच्या दिवशी, तो चिंचेखाली आपल्या घराच्या अंगणात कबऱ्याच्या पोटाखाली उताणा पडला होता! गंजलेले नट निघता निघत नव्हते. चाकांजवळचे रबर त्याने सोबत आणले होते, ते आधी बदलले. जुने पाइप फुंकून साफ केले. मग जिथे बारा वर्षे नुसते भोक होते, त्या जागी नवे सिलिंडर लावून त्याचे बोल्ट आवळायला घेतले. ओसरीवरून अधूनमधून आवाज येत होता.

"बेबी, त्यायले पाणी पाहिजे का विचार."

"दादा, पाणी पाहिजे का?"

"चालते."

"चालते म्हणतात."

"मले ऐकू येते. मी बहिरी नाही."

दुपारचे ताट स्टेपनीवर आणून ठेवले गेले. वरण-भात, वांग्याची भाजी. पहिल्याच घासाला तेजराम थबकला. हे वरण बेबीबाईचे नव्हते! दिसत नसताना, चुलीपुढे चाचपडत हे कोणी केले होते, ते त्याच्या जिभेने सांगितले. त्याचे डोळे पाझरू लागले. त्याने ते जेवण इतके सावकाश केले, की शेवटी इश्वरने विचारले, "दादा, भाजी आवडली नाही का?"

सांज उतरली तसा इश्वर बैल धुवायला तलावावर गेला. बेबीबाई चुलीपाशी गुंतली. तेजरामने सिलिंडरमध्ये ब्रेकचे तेल भरले. जीपच्या तळपत्र्यातले झाकण बाजूला होते, सिलिंडरचे तोंड उघडे होते. एक पाइप जरासा ओला दिसला म्हणून तो पुन्हा खाली शिरला.

तेवढ्यात त्याला दोन पावले दिसली. अनवाणी, भेगाळलेली, थोडी आत वळलेली. चाचपडत जीपपाशी येऊन ती थांबली. मडगार्डवरून हात फिरल्याचा आवाज आला.

"कसा आहेस रे कबऱ्या?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. लेकाशी न बोलण्याचे व्रत होते. गाडीशी बोलायला ते आड येत नव्हते. "बारा वर्सं झाली, तुया खांदा कोणी शेकला नाही. तुयावर राग होता माया. आता म्हातारी झाली मी. राग किती दिवस उचलून धरू? हातपाय दुखतात..."

तेजराम श्वास रोखून ऐकत राहिला. हे कबऱ्यासाठीच होते ना? की... त्याच्या व्याकूळ मनाला काही कळेना. आणि मग त्याच्या नाकाला वास आला.

कोमट जवसाचा. हळदीचा.

तो विजेसारखा बाहेर सरपटला. आईच्या डाव्या हातात वाटी होती, वाटीवर पळसाचे पान होते, आणि उजवा हात जीपच्या आत तळपत्र्यावर काहीतरी शोधत होता.

"कोठं गेलं याचं तोंड..."

"माय!" बारा वर्षांनी तो शब्द तिच्यासमोर उच्चारताना त्याचा आवाज चिरकला. "माय, बॉनटवर लाव ना! तिकडे लाव!"

म्हातारी दचकली, पण वळली नाही. "कबऱ्या, त्या माणसाले सांग, आपलं काम कर म्हणावं. बॉनट म्हणजे तुयं डोस्कं. खांदा कोठं आहे ते मले माहीत आहे. यांनीच दाखवलं होतं मले, जायच्या आधीच्या पोळ्याले. 'तू इतके दिवस डोस्कं शेकून राहिली, याचा सारा जोर इथं असते,' म्हणत. झाकण यांनीच उघडून देल्लं होतं."

तेजराम सुन्न झाला. बाबा! बाबांनी स्वतः! आपण झाकण उघडून तेल भरताना त्यांनी पाहिले असणार, आणि आपल्या अगाध ज्ञानाने बायकोला... पण विचार करायला सवड नव्हती. बोटांना सिलिंडरचे तोंड सापडले होते. वाटी कलू लागली होती.

त्याने झेप घेऊन तिचे मनगट धरले.

तेल त्याच्या हातावर सांडले.

"काहून?" चंद्रभागाबाईंनी विचारले. या वेळी कबऱ्याला नव्हे.

"काही नाही, माय. नवीन आहे ते. म्हणून."

"नवीन आहे म्हणून काय?"

"असंच."

"तेल पडल्यानं काय होते त्यात?"

"काही नाही होत."

"काही नाही होत?"

"काहीच नाही, माय."

"मग सोड हात. ओतू दे."

ज्या माणसाने बारा वर्षांपूर्वी साऱ्या गावासमोर एका शब्दात खोटे बोलून दाखवले होते, त्याला आज ते दुसऱ्यांदा साधेना. तोंडाने तो काहीही म्हणाला असता. पण ते मनगट... ते मनगट काही त्याला सोडता आले नाही. आणि तो जितका वेळ ते धरून राहिला, तितका वेळ त्या अधू डोळ्यांच्या म्हातारीच्या मनात एकेक गोष्ट उजेडात येत गेली. पोळा. वाटी. पाळीचा उतार. तलावात बुडवलेले ते लोखंड. 'विसरलो, माय.'

वाटी तिच्या हातून निसटली.

"मीनं..." ती म्हणाली. "तेजराम... मीनं घातलं होतं..."

"नाही, माय!"

"वाटीभर घातलं होतं रे! चांगलं पोटभर पिऊ देल्लं त्याले! आन् तुले माहीत होतं... तूनं खोलून पाह्यलं होतं... आन् मी तुले म्हटलं..." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. "काय काय म्हटलं मी तुले! बापाले खाल्लं म्हटलं! अरे माया लेकरा, खाल्लं त मीनं होतं!"

"हळू, माय, हळू! बेबी ऐकून राहिली असंन." तेजराम तिच्यासमोर जमिनीवर बसला होता, तिचे पाय धरून. "तुले काय माहीत होतं त्यात! बाबालेही माहीत नव्हतं. त्यायले वाटलं, कबऱ्याचा खांदा सापडला." आणि असे म्हणता म्हणता त्याला अचानक हसू फुटले, हुंदक्यातूनच फुटले. लिलावात जीप घेऊन मिशीला पीळ देत गावभर फिरणारे, ज्यातले काही कळत नाही त्याबद्दल सर्वांत ठामपणे बोलणारे बाबा त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. "त्यायनं कोणाले विचारलंही नसंन, माय!"

"कधी विचारत होते ते?" म्हातारी रडता रडता म्हणाली. मग तिचा आवाज बुडाला. "तू तेव्हाच काहून नाही सांगितलं रे?"

"सांगून बाबा वापस येत होते का? तुले कोणावर तरी राग काढाचा होता. माह्यावर काढला, म्हणून जगलीस. सोतावर काढला असता त दुसरी तेरवी झाली असती घरात."

"आन् तू? एकटा राह्यला तू! बायको नाही, पोर नाही... एकटा!"

"एकटा कोठं, माय? भंडाऱ्यात त लोकच लोक राहतात."

चंद्रभागाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस किती विरळ झाले होते! तो हात तिथेच राहिला. "आता मी साऱ्या गावाले सांगते. इश्वरले सांगते. त्या सोमाज्याले पहिले सांगते!"

"नाही!" तेजरामने मान वर केली. "माया गळ्याची शपथ आहे तुले. उद्या पोळा आहे. परवा तुले डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे. लोकायचं काय? त्यायले एक जण पाहिजे असते, तो त्यायले भेटला आहे. मले त्याची आदत झाली."

"मले नाही सहन होणार रे हे. पोटात कसं ठेवू? तूनं कसं ठेवलं?"

ठेवायचे कसे, हे तो कधी शिकला नव्हता. नुसते ठेवत आला होता. तो उठला. त्याने आईला दोन्ही दंडांना धरून हळूच उचलले आणि जीपच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसवले.

"हे काय?" ती भांबावली.

"पाइपातली हवा काढाची आहे. एकट्यानं होत नाही हे काम. एक माणूस वर लागते, एक खाली. मी म्हटलं दाब, त पाय दाबायचा आन् दाबून धरायचा. मी सोड म्हणेपर्यंत सोडाचा नाही. जमंल?"

"मले?"

"दुसरं कोण आहे?"

त्याने तिचा भेगाळलेला पाय उचलून ब्रेकवर ठेवला आणि तो मागच्या चाकापाशी खाली शिरला.

"दाब."

तिने पाय दाबला. पाय खाली गेला... गेला... आणि तळाशी जाऊन टेकला. खाली काहीच नव्हते! चंद्रभागाबाईंच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली.

"तेजराम! पायाखाली काहीच नाही रे!"

"हवा आहे, माय. निघून जाईन."

अगदी बारीक आवाजात तिने विचारले, "असंच झालं होतं का रे? त्या दिवशी? तुया पायाले?"

जीपखाली फिरणारा पाना थांबला.

"हो, माय. असंच."

बारा वर्षांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. का उलटली, कशी उलटली, कोणामुळे उलटली, हे साऱ्यांनी विचारले होते. त्याच्या पायाला काय वाटले, हे विचारणारे माणूस आज भेटले! मातीत उताणा पडून तो गुपचूप रडला; डोळ्यांतले पाणी कानांत गेले. मग त्याने पाना सावरला.

"सोड. आता पुन्हा दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

एका चाकाहून दुसऱ्या चाकाकडे तो सरकत राहिला. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलमधून आधी फुसफुस करीत बुडबुडे आले, मग तेल आणि बुडबुडे, मग नुसते तेल. मधूनच उठून तो सिलिंडरमध्ये ब्रेकचे तेल घाली, आईच्या चेहऱ्याकडे पाही, आणि पुन्हा खाली जाई. तिच्या गालांवरून धारा वाहत होत्या. पण पाय चुकत नव्हता.

"लागलं!" ती एकदम ओरडली. "पायाले काहीतरी लागलं रे!"

"तेच पाहिजे. दाब."

तलावावरून बैल घेऊन इश्वर अंगणात आला, आणि दोरी हातात धरून जागच्या जागी उभा राहिला. आई जीप चालवायला बसली होती! दादाचे फक्त पाय दिसत होते. वाटी मातीत उपडी पडली होती.

"माय," तो म्हणाला, "तू दादाशी बोलून राहिली?"

"मग काय चिंचेशी बोलू? तू मधात नको बोलू. काम चालू आहे आमचं."

इश्वर साधा माणूस होता, त्याला वाटले तसे तो बोलला. "भलतं बरं केलं, माय. बारा वर्सांनी का होईना, माफ केलं तूनं दादाले."

चंद्रभागाबाईंचे ओठ हलले. सारे काही त्या ओठांपर्यंत आले होते. एक शब्द, फक्त एक शब्द पुरेसा होता...

"धर, माय," जीपखालून तेजराम म्हणाला. हवा तर केव्हाच संपली होती.

तिने पायाखाली घट्ट धरले. "धरलं," ती म्हणाली; आणि मग धाकट्याकडे तोंड करून, "मी कोण रे माफ करणारी! जा, बैलायचे खांदे शेक. तूप बेबीजवळ आहे. आन् तिले सांग, आज ताट अंगणात नाही लावायचं. घरात लावायचं. माया बाजूले."

इश्वर बैल घेऊन गोठ्याकडे वळला. वळता वळता त्याने बाहीला डोळे पुसले आणि मनात म्हटले, की आईचे काळीज आईचेच असते, शेवटी तिने एवढा मोठा अपराध पोटात घातला! पुढे तो हे सोमाजींना सांगणार होता, आणि सोमाजी त्यालाही हरकत घेणार होते.

ब्रेक आता दगडासारखा लागत होता. तेजराम बाहेर आला. चेहऱ्यावर तेल, माती, गंज, आणि त्यात पाण्याने पडलेल्या दोन पांढुरक्या रेघा. सीटवर बसलेल्या आईने वाकून त्याचा चेहरा चाचपडला. कपाळ, नाक, खोल गेलेले गाल. तिने पदर हातात घेतला.

तो मागे सरला. "लुगडं खराब होईन, माय. ऑइल निघत नाही."

"होऊ दे," ती म्हणाली.